नाण्यावरचा देव

नाण्यांचा नाद असलेला माणूस म्हणून गावात एकदा नाव झालं, की लोक रुमालात गुंडाळलेलं काहीबाही घेऊन दारात उभे राहू लागतात. रुमाल उलगडण्याआधीच आत काय असणार ते मला कळलेलं असतं. तांब्याचं जाडसर नाणं. एका बाजूला रामपंचायतन, नाहीतर द्रोणागिरी उचललेला मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना आणि साल १८१८. कधी १८३९, कधी चक्क १७१७. आणणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की असल्या नाण्याकडे तांदूळ ओढले जातात आणि मुंबईला त्याचे कोटभर रुपये देणारा माणूस आहे. मी चहा टाकायला सांगतो आणि मग सांगतो की कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. हे अलीकडे भाविकांना विकायला केलेले टाक आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, तिजोरीत ठेवण्यात अर्थ नाही. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "काका, तुमचा रामावर विश्वास नाही का?" रामावर आहे हो, सालावर नाही.

मजा अशी, की देव असलेली नाणी कंपनीने पाडली होती. पण ती आपल्याकडची नव्हेत. मद्रासच्या टाकसाळीत सतराव्या-अठराव्या शतकात कंपनीने सोन्याचे होन पाडले. त्यांच्यावर मधे विष्णू आणि दोन्ही अंगांना दोन देवी. विजयनगरच्या काळापासून दक्षिणेतल्या सराफांचा हात असल्याच होनांना सरावलेला होता. इंग्लंडच्या राजाचं तोंड छापलं असतं तर बाजारात ते कुणी सहज घेतलं नसतं. लंडनच्या व्यापाऱ्यांची विष्णूवर श्रद्धा जडली, असं यावरून कुणी म्हणेल का? आणि तरीही दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांबद्दल आपण तेच म्हणत आलो. नाण्यावर बैल दिसला, राजा शैव. चैत्य दिसला, राजा बौद्ध. झालं काम.

मी बँकेत रोखपाल होतो. नोटेवर कुणाचं चित्र आहे यापेक्षा ती कुठून आली आणि कुठे जमा झाली, हे पाहायची सवय हाडात मुरलेली आहे. जुन्या नाण्यांकडेही मी तसाच बघतो. ठसा राजाने काय मिरवलं ते सांगतो; पैसा कोणत्या देवाच्या पायाशी गेला ते सांगायला दगड आणि तांब्याचे पत्रे लागतात. दोन्ही एकाच परिसरात मिळावेत असं भाग्य फार थोड्या गावांना लाभलं आहे. नाशिक त्यातलं एक.

सुरुवात जोगलटेंभीपासून करायला हवी. नाशिकजवळच्या या गोदाकाठच्या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एच. आर. स्कॉट या पाद्रीसाहेबांनी ती तपासून त्यांच्यावर निबंध लिहिला. दर्शनी बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. पण यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा वरून मारलेला होता: एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि भोवती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. नाणं हातात घेऊन तिरकं धरलं की डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक वर आलेलं दिसतं. चांदी वितळवून नवी नाणी पाडायला वेळ आणि इंधन लागतं. जिंकणाऱ्या राजाने तेवढीही वाट पाहिली नाही.

हा डोंगर म्हणजे अभ्यासकांच्या भांडणाचं माहेरघर. जुन्या इंग्रज पंडितांनी त्याला चैत्य म्हटलं, म्हणजे बौद्ध स्तूप. मग कुणी मेरू पर्वत म्हटलं. तो सातवाहनांच्या कितीतरी आधीच्या, मौर्यकाळच्या ठसे मारलेल्या नाण्यांवरही आहे. नहपानानंतर आलेल्या चष्टनाच्या घराण्यातल्या क्षत्रपांनी तो उचलला आणि चौथ्या शतकापर्यंत आपल्या चांदीच्या नाण्यांवर चालवला. इतक्या निरनिराळ्या घराण्यांनी वापरलेल्या खुणेचा धर्म शोधणं म्हणजे वाटेवरच्या मैलाच्या दगडाची जात विचारणं. मला विचाराल तर, निदान क्षत्रपांच्या काळापासून तरी, हा डोंगर ‘हे नाणं खरं आहे’ एवढंच सांगतो.

खरी गंमत नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. पायऱ्या चढून गेलं की दहाव्या क्रमांकाचं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. बाप दीनिक, जात शक, बायको दक्षमित्रा. भिंतीवर त्याने स्वतःच्या दानांची यादी कोरून ठेवली आहे आणि ती वाचताना माझ्यासारख्या माणसाला आपली जुनी खातेवही उघडल्यासारखं वाटतं. तीन लाख गाई दिल्या. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली. वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवण. प्रभासतीर्थावर आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे उतारूंसाठी घरं बांधली. तापी, दमण, डहाणू या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. देवांना आणि ब्राह्मणांना सत्तर हजार कार्षापणं, म्हणजे चांदीची नाणी, दिली आणि लगेच हिशेब दिला: पस्तिसाला एक सुवर्ण या भावाने दोन हजार सुवर्ण. सोन्याचा त्या दिवसाचा भाव देवळाबाहेर सांगणारा दानशूर मी दुसरा पाहिला नाही.

आणि हे सगळं कोरलंय कुठे? बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात. शिवाय त्याच भिक्षूंसाठी ४२ या वर्षी त्याने तीन हजार कार्षापणं ठेव म्हणून ठेवली. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या मंडळांकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांचं व्याज चिवरांसाठी, वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. हिशेब करून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक दमडी इकडची तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवला, असंही पुढे लिहिलंय. कागदपत्रांची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला भक्त म्हणावं की कारकून, मला ठरवता येत नाही. दोन्ही म्हणतो.

आता या माणसाला आपण कोणत्या रकान्यात टाकणार? पुष्करला जाऊन स्नान करणारा, ब्राह्मणांना गाई देणारा, भिक्षूंना चिवरं देणारा शक. त्याच्या सासऱ्याच्या नाण्यावर बाण आणि वज्र. बुद्ध नाही, शिव नाही, विष्णू नाही. नुसती नाणी मिळाली असती आणि लेख नसता, तर नहपानाच्या राज्यातल्या धर्माबद्दल आपण एक ओळही नीट लिहू शकलो नसतो. लेख असून नाणी नसती तर ही सत्तर हजार कार्षापणं हातात धरल्यावर कशी लागत असतील ते कळलं नसतं.

पुढची गोष्ट त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात. नहपानाला हरवल्यावर गौतमीपुत्राने अठराव्या वर्षी आपल्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला. उषवदाताच्या ताब्यातलं दोनशे निवर्तनांचं एक शेत त्रिरश्मी, म्हणजे याच पांडवलेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना द्या. सहा वर्षांनी दुसरा हुकूम आला. या वेळी राजाबरोबर राजमाताही आहे. आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही, गाव ओस पडलं आहे, तेव्हा त्याऐवजी दुसरं शंभर निवर्तन द्या. युद्धात गाव उठलं असणार, आणि उठलेल्या गावच्या शेतावर भिक्षूंचं पोट भरत नाही. मला हा दुसरा हुकूम पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. पहिला राजाचा आहे, दुसरा शेतावर जाऊन आलेल्या कुणाच्या तरी तक्रारीवर निघालेला.

चांदीच्या नाण्यावरचा चेहरा जसा नव्या ठशाखाली गेला, तसं शेतावरचं उषवदाताचं नावही गेलं. भिक्षू तेच राहिले. आणि हा राजा कोण? त्याची आई गौतमी बलश्री, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, याच लेण्यात मुलाचं लांबलचक कौतुक कोरून घेते. त्यात तो एकमेव ब्राह्मण आहे, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा आहे, पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा आहे, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा आहे. एवढं सांगून झाल्यावर ती लेणं कुणाला देते? भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना. आजकालच्या वादावादीत दोन्ही बाजू या लेखातल्या सोयीच्या अर्ध्या ओळी वाचतात. मी म्हणतो, बाईंनी पूर्ण कोरलाय, आपणही पूर्ण वाचावा.

हे राजघराण्यापुरतंच होतं असंही नाही. दहाव्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षीचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवले. तेल्यांच्या, पाण्याची यंत्रं चालवणाऱ्यांच्या आणि अशाच आणखी श्रेणींकडे. नाव विष्णूने दिलेली, कुळ शक, राजा आभीर, दान बुद्धाच्या संघाला. नाण्यांच्या यादीत ही बाई कुठेच सापडायची नाही.

नाणेघाटाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो खरं म्हणजे जुन्नरच्या वाटेवर आहे. तिथला सातवाहन राणी नागनिकेचा लेख यज्ञांच्या दक्षिणा कार्षापणांत मोजतो आणि सुरुवातीलाच धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना नमस्कार करतो. नावं आहेत, चित्र नाही. या दोघा भावांच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मिळालं ते थेट अफगाणिस्तानात. आय खानूम इथल्या ग्रीक नगराच्या उत्खननात १९७० साली अगाथोक्लीस राजाची चांदीची नाणी निघाली, एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम, दुसरीकडे चक्र घेतलेला वासुदेव, लेख ग्रीक आणि ब्राह्मी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. सह्याद्रीतल्या राणीने ज्यांना नमस्कार केला, त्यांना आमूदर्याकाठचा ग्रीक राजा नाण्यावर उभं करत होता. तो भागवत झाला होता की तिथल्या प्रजेला खूश ठेवत होता, हा मद्रासच्या होनाचाच प्रश्न पुन्हा.

आता परत नाशिककडे. पाचव्या शतकात कोकण आणि दक्षिण गुजरातेत त्रैकूटक राजे होते. ज्या त्रिकूटावरून त्यांचं नाव पडलं तो डोंगर नाशिकच्या पश्चिमेच्या रांगांतच शोधला जातो. दहरसेन आणि व्याघ्रसेन यांची चांदीची नाणी मला फार प्रिय आहेत, दिसायला कितीही ओबडधोबड असली तरी. लेखात राजा स्वतःला परमवैष्णव म्हणवतो. बापाचं नाव, आपलं नाव, मधे परमवैष्णव. आणि या अक्षरांच्या मधोमध काय आहे? तोच तीन कमानींचा डोंगर, क्षत्रपांच्या नाण्यावरून उतरवलेला. ज्यांनी त्याला बौद्ध चैत्य ठरवलं त्यांची या नाण्याने चांगलीच पंचाईत केली आहे. माझ्या मते इथे राजाचा देव कडेला अक्षरांत आहे आणि मधली जागा बाजाराची आहे. प्रजेला ओळखीचं नाणं हवं होतं, राजाला आपली भक्ती सांगायची होती, टाकसाळीतल्या कारागिराने दोघांचं ऐकलं. आणि याच त्रैकूटकांच्या राज्यात, त्यांच्या संवताच्या २४५ या साली, कान्हेरीला एका बौद्ध चैत्याचा ताम्रपट कोरला गेला. इसवी सन ४९४ च्या सुमाराला. चैत्य बांधणारा सिंधहून आलेला.

त्यानंतर साधारण पन्नास-साठ वर्षांत चांदीच्या नाण्यावर परममाहेश्वर हा शब्द आला. कलचुरी कृष्णराजाचं नाणं. दर्शनी बाजूला राजाचं तोंड, मागे बसलेला नंदी आणि भोवती लेख: परममाहेश्वर, आईबापांच्या पायांचं ध्यान करणारा श्रीकृष्णराज. या वेळी डोंगर गेला. बैल आणि बिरुद एकच बोलतात, म्हणून इथे राजाच्या भक्तीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ही नाणी बागलाणातल्या देवळाण्याला मिळाली, नाशिकला मिळाली, कराडला मिळाली, पार विदर्भात धामोरीला मिळाली. सुरुवातीला पंडितांनी ती कृष्ण नावाच्या राष्ट्रकूट राजाला देऊन टाकली होती. पुढे ती कलचुरींची ठरली.

पण नाणं एकदा बाजारात सुटलं की ते राजाचं राहत नाही. त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट मिळाले. त्यातल्या एकावर त्रैकूटकांच्याच संवताचं ४६१ हे साल आहे, म्हणजे इसवी सन ७१०. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी कलचुरींच्या लेखांच्या आपल्या मोठ्या ग्रंथात ते संपादित केले आहेत. भोगशक्ती चालुक्यांचा मांडलिक. जयपूर नावाच्या गावच्या नारायणाच्या देवळाला तो आठ गावं देतो. देवाचं नाव त्याने आपल्याच नावावरून भोगेश्वर ठेवलं आहे. आणि या ताम्रपटात पैशांची गोष्ट निघते तेव्हा नाव येतं ते कृष्णराज-रूपकांचं. कृष्णराज जाऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, त्याचं घराणं इथून उठलं आहे, चालुक्यांची सत्ता आहे. आणि विष्णूच्या देवळाच्या सनदेत शिवभक्त राजाचा, नंदीच्या छापाचा रुपया चालतो आहे. नारायणाच्या पुजाऱ्याने बैल दिसला म्हणून नाणं परत केल्याची नोंद नाही. त्याच अंजनेरीत पुढे यादवांच्या काळी, शके १०६३ ला, जैन मंदिराला दुकानांचं उत्पन्न लावून दिल्याचा शिलालेख आहे. आज अंजनेरीजवळच नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. त्र्यंबकला दर्शनाला जाणारे लोक तिथे थांबत नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

अठराव्या शतकातलं एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आहे, बेलाचं पान आहे आणि फारसीत नाव आहे ते दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. बाईंइतकी शिवभक्त राज्यकर्ती दुसरी दाखवणं कठीण. पण रुपया चालायचा तर बादशहाचं नाव लागतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बेलपान बसवायला जागा शोधली आणि बसवलं. दहरसेनाच्या कारागिराने केलं त्याच्या अगदी उलट: इथे देव चित्रात आहे आणि बाजार अक्षरांत.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. घारापुरीचं लेणं कुणी कोरलं? तिथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. राजाचं नाव सांगणारं दगडावर काही उरलं नाही. शतकभर अंदाजच चालू होते. मग बेटावर कृष्णराजाची तांब्याची नाणी बऱ्याच संख्येने मिळाली. शोभना गोखले यांनी त्यांच्यावर लिहिलं, वॉल्टर स्पिंक यांनी त्यांच्या आधारे लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं आणि कलचुरींच्या काळाचं मांडलं. तर्क साधा आहे. चांदी, सोनं दूरवर फिरतं. तांब्याची मोड फिरत नाही. जिथे मजुरी वाटली जाते, जिथे भाजी विकत घेतली जाते, तिथेच ती सांडते. तो महाकाय सदाशिव कोरणाऱ्या पाथरवटांच्या हातून पडलेली चिल्लर आज त्या लेण्याच्या काळाची सगळ्यात बोलकी साक्षीदार आहे. बाजारात त्या एकेका नाण्याचं मोल किरकोळ. ती घारापुरीच्या मातीत मिळाली, यालाच सगळी किंमत आहे. तेच नाणं एखाद्या सराफाच्या डब्यातून निघालं असतं तर त्यावरून काहीही सिद्ध झालं नसतं.

म्हणून रुमाल घेऊन येणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं. शेत नांगरताना, विहीर खणताना, जुनं घर पाडताना नाणी निघाली तर चिंच, लिंबू, राख काही लावू नका. चकचकीत केलेल्या नाण्यावरची अक्षरं कायमची जातात. भावाभावांत वाटून घेऊ नका. एका मडक्यातली नाणी एकत्र आहेत तोवरच काही सांगतात. कोणत्या गटात, किती हातावर, कशात मिळाली ते लिहून ठेवा आणि मडक्याची खापरंही जपा. जमिनीत मिळालेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो, असा १८७८ चा कायदा आहे. सरकारने तो ठेवून घेतला तर किमतीवर पंचमांश अधिक देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. सराफ तुम्हाला चांदीच्या वजनाचे पैसे देईल आणि रात्री मुशीत टाकेल. त्याच्याकडे जाण्याआधी तहसील कचेरीत जा.